'ब्वेनो' म्हणजे चांगला, बरा आणि बरंच काही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मंडळींचे प्रश्न माझ्याकडे येत असतात. त्यांत 'ब्वेनो' या एका विशेषणाचा वाटा इतका वाढला की तेच उत्तर पाचव्यांदा लिहिण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतेय. आधी सोपे प्रश्न आहेत, पुढे फसवे. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.

१. 'ब्वेनो' म्हणजे 'चांगला'. एवढंच ना?

पहिल्या दिवसापुरतं एवढंच. लॅटिनमधल्या 'बोनुस'वरून आलेला हा शब्द कोशात 'चांगला' म्हणूनच सापडतो. पण मराठी माणसाने वहीत 'ब्वेनो = चांगला' लिहून वही मिटली, तर अर्धा शब्द बाहेर राहतो. तो अर्धा भाग आपल्या 'बरा'कडे आहे. आजारातून बरा झालो, बराच वेळ थांबलो, 'बरं, निघूया का?', 'बऱ्या बोलाने ऐक': या चारही ठिकाणी स्पॅनिश माणूस 'ब्वेनो'चं काही ना काही रूप वापरतो. शिवाय 'भला माणूस'मधला भला आणि 'चांगलाच घाबरला'मधला चांगलाचही त्यातच. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला ही सोय नाही. आपल्याला आहे, तर ती वापरावी.

२. उच्चार 'बुएनो' की 'ब्वेनो'? आणि कधीकधी 'व्वेनो' ऐकू येतं ते का?

'ब्वेनो', दोनच अवयवांत: ब्वे-नो. 'बु-ए-नो' असे तीन तुकडे केले की ऐकणाऱ्याला कळतं, पण कानाला अडखळतं. शब्दाची सुरुवात थोड्या विरामानंतर झाली, किंवा आधी 'न'/'म' आला, तर ओठ नीट मिटून 'ब' येतो. आधी स्वर असेल ('आमीगो ब्वेनो') तर ओठ पुरते मिटत नाहीत आणि 'ब' विरघळून 'व'च्या जवळ जातो. तुमचे कान बरोबर आहेत. मात्र लिहिताना पहिलं अक्षर बी, व्ही नव्हे. स्पॅनिशमध्ये या दोन अक्षरांचा उच्चार एकच असल्यामुळे तिथली शाळकरी मुलंही यात चुकतात.

३. याची रूपं किती?

चार: 'ब्वेनो' (पुल्लिंगी एकवचन), 'ब्वेना' (स्त्रीलिंगी एकवचन), 'ब्वेनोस' आणि 'ब्वेनास' (अनुक्रमे दोघांची अनेकवचनं). चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मुलगे, चांगल्या मुली: तीच चाल. नपुंसकलिंगी नाम स्पॅनिशमध्ये नाही, त्यामुळे 'चांगलं पुस्तक' म्हणताना पुस्तक पुल्लिंगी धरावं लागतं. 'चांगलं' या रूपाची थोडी भरपाई कुठे होते ते प्रश्न १४ मध्ये पाहा. पाचवं, आखूड रूप म्हणजे 'ब्वेन'.

४. 'ब्वेन' कधी वापरायचं?

पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी विशेषण आलं की शेवटचा 'ओ' गळतो: 'उन ब्वेन लीब्रो' (एक चांगलं पुस्तक), 'उन ब्वेन आमीगो'. मध्ये दुसरं विशेषण आलं तरी गळतोच: 'उन ब्वेन प्रीमेर पासो', चांगलं पहिलं पाऊल. नामाच्या नंतर आलं तर पूर्ण रूप: 'उन लीब्रो ब्वेनो'. स्त्रीलिंगात काहीच गळत नाही: 'उना ब्वेना इदेआ'. अनेकवचनातही नाही: 'ब्वेनोस आमीगोस'.

'मालो' (वाईट) अगदी असाच वागतो आणि 'माल' होतो. 'ग्रान्दे' (मोठा) मात्र स्त्रीलिंगी नामाआधीही आखडतो: 'उना ग्रान इदेआ'. त्याच्या नादाने 'उना ब्वेन इदेआ' लिहिणारे दर महिन्याला भेटतात.

माद्रिदच्या नकाशावर दोन्ही रूपं एकाच दिवसात पाहता येतात. तिथल्या मोठ्या बागेचं नाव 'ब्वेन रेतीरो', इथे 'रेतीरो' हे पुल्लिंगी नाम पुढे आहे. आणि मेट्रोचं एक स्थानक आहे 'गुस्मान एल ब्वेनो', म्हणजे भला गुस्मान. १२९४ मध्ये तारीफाच्या वेढ्यात शत्रूने ओलीस धरलेल्या मुलासाठीही किल्ला न सोडणारा हा सरदार. इथे 'ब्वेनो'पुढे नामच नाही, म्हणून तो पूर्ण.

५. 'एल आग्वा' (पाणी) मध्ये 'एल' आहे, मग 'ब्वेन आग्वा' का नाही?

कारण 'आग्वा' स्त्रीलिंगीच आहे. आघात असलेल्या 'आ'ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दाआधी लगतचं स्त्रीलिंगी उपपद 'ला' बदलून 'एल' (जे एरवी पुल्लिंगी) होतं, दोन 'आ' एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. लिंग बदलत नाही, आणि विशेषणाला तर ही सवलत मुळीच नाही: 'ब्वेना आग्वा', 'एल आग्वा एस्ता ब्वेना'. तरीही भुकेलेल्याला शिळी भाकरीही गोड लागते अशा अर्थाची एक म्हण 'आ ब्वेन आम्ब्रे' अशी सुरू होताना ऐकाल. 'आम्ब्रे' (भूक) स्त्रीलिंगी असूनही! म्हणीत जुनी रूपं टिकून राहतात. परीक्षेत 'ब्वेना' लिहा.

६. 'ब्वेनोस दीआस' अनेकवचनात का? आणि 'दीआ'चा शेवट 'आ' असताना 'ब्वेनास' का नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: 'दीआ' (दिवस) दिसतो स्त्रीलिंगी, पण आहे पुल्लिंगी. 'तार्दे' (दुपार-संध्याकाळ) आणि 'नोचे' (रात्र) खरोखर स्त्रीलिंगी, म्हणून 'ब्वेनास तार्देस', 'ब्वेनास नोचेस'. अनेकवचन हा स्पॅनिशचा स्वभाव. अभिनंदन, आभार, शुभेच्छा सगळं तिथे अनेकवचनात. अर्जेंटिनात मात्र 'ब्वेन दीआ' हे एकवचनही रोज कानावर पडतं.

वेळेचं म्हणाल तर स्पेनमध्ये 'ब्वेनोस दीआस' घड्याळातल्या बाराला संपत नाही, दुपारच्या जेवणापर्यंत चालतं, आणि ते जेवण दोनच्या आधी क्वचितच. गोंधळ उडाला तर नुसतं 'ब्वेनास' म्हणा. दिवसा-रात्री केव्हाही चालतं, फक्त नोकरीच्या मुलाखतीत नको.

७. मग 'ब्युनॉस आयरिस' हे शहर म्हणजे 'चांगल्या हवा'?

हो, शब्दशः तेच: 'ब्वेनोस आइरेस'. 'आइरे' म्हणजे हवा, वारा. १५३६ मध्ये पेद्रो दे मेन्दोसाने तिथे पहिली वसाहत केली, तेव्हा नाव दिलं ते खलाशांचं रक्षण करणाऱ्या 'ब्वेन आइरे'च्या मरियामातेचं. शिडाच्या जहाजांचं सगळं नशीब वाऱ्यावर, तेव्हा हे साहजिकच. व्याकरणाच्या दृष्टीने गंमत अशी की जुन्या नावात एकवचन म्हणून 'ब्वेन', आजच्या नावात अनेकवचन म्हणून 'ब्वेनोस'. प्रश्न ४ चा नियम एका शहरात पाठ.

८. विशेषण नामाआधी ठेवायचं की नंतर? आम्ही तर सवयीने आधीच ठेवतो.

मराठीची सवय आहे ती, आणि 'ब्वेनो'च्या बाबतीत बहुतेक वेळा निभावून जाते, कारण हा शब्द आधी बसायला राजी असतो. आधी आला की नाम ज्या कामासाठी आहे त्या कामात चांगला: 'उन ब्वेन आमीगो' म्हणजे मैत्री निभावणारा, 'उना ब्वेना प्रोफेसोरा' म्हणजे शिकवण्यात तरबेज बाई. नंतर आला की स्वभावाकडे झुकतो: 'उन ओम्ब्रे ब्वेनो' म्हणजे भला माणूस, मनाने निर्मळ. ही भिंत पक्की नाही. संदर्भ असेल तर दोन्ही अर्थ दोन्हीकडे जातात, त्यामुळे यावर वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नका.

नंतर ठेवण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला फार आवडतो: अनेकांतून 'तो चांगला' निवडायचा असेल तेव्हा. 'ला बाखीया ब्वेना' म्हणजे कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली, पाहुणे आले की काढायची ती चांगली ताटं-वाट्या. इथे विशेषण आधी ठेवलं तर अर्थ ढिला पडतो.

९. 'सेर' की 'एस्तार'? हे कधी सुटणार?

पूर्ण कधी सुटेल माहीत नाही, पण 'ब्वेनो'पुरतं सुटतं. दोन्ही क्रियापदांना मराठीत 'आहे' म्हणतो ('सेर'चं रूप 'एस', 'एस्तार'चं 'एस्ता'), म्हणून घोटाळा. खाण्याच्या पदार्थांत आपल्याकडे एक आधार आहे: 'असतो' आणि 'आहे'. 'देवगडचा हापूस चांगला असतो' हे जातीचं, प्रतीचं विधान, तिथे 'सेर'. फोड तोंडात टाकून 'वा, चांगला आहे हा!' म्हणालात, तिथे 'एस्तार': 'एस्ते मांगो एस्ता ब्वेनो'. म्हणजे 'एस्तार'बरोबर पदार्थ चविष्ट, आत्ता, या घासाला. 'ला सोपा एस्ता ब्वेना', सूप झक्कास झालंय. (हो, 'सोपा' म्हणजे सूप. त्यावरचे विनोद करून झालेले आहेत.) 'ला सोपा एस ब्वेना' म्हटलं तर ते प्रतीबद्दल किंवा तब्येतीला चांगलं असण्याबद्दल वाटेल. दूध नासलं नाही ना, हे सांगायलाही 'एस्तार': 'ला लेचे तोदाबीआ एस्ता ब्वेना', अजून चांगलं आहे.

माणसांना मात्र 'असतो-आहे'ची ही फूटपट्टी लावू नका. 'मारिया चांगली आहे' यात मराठी 'आहे'च येतं, पण स्वभावाची गोष्ट असल्यामुळे स्पॅनिशमध्ये 'मारीआ एस ब्वेना'. इथे चुकलं तर काय होतं ते पुढच्या प्रश्नात.

आणि सिनेमा? स्पेनमध्ये 'ला पेलीकुला एस ब्वेना' म्हणतील. अर्जेंटिनात आणि लॅटिन अमेरिकेत इतरत्रही 'एस्ता ब्वेना' सर्रास म्हणतात, म्हणजे 'मस्त आहे'.

१०. 'कोमो एस्तास?'ला मी 'एस्तोय ब्वेनो' म्हणालो आणि सगळे हसले. का?

कारण तुम्ही 'मी दिसायला कडक आहे' असं सांगितलंत. माणसाबरोबर 'एस्तार ब्वेनो' किंवा 'एस्तार ब्वेना' म्हटलं की आधी शरीराच्या आकर्षणाचा अर्थ येतो, आणि तो सभ्य नाही. हे मी स्वतः शिकले ती जागाही सांगते. वर्गातल्या पहिल्याच संवादात मी मैत्रिणीची ओळख करून देताना 'एस्ता मुइ ब्वेना' म्हणाले. मला म्हणायचं होतं, ती खूप चांगली आहे. बाईंनी खडू खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला आणि मग 'एस, एस, एस' असं तीनदा म्हणाल्या.

'कसा आहेस?'ला उत्तर 'एस्तोय ब्येन'.

अपवाद आहे, आणि तो आपल्या 'बरा'चा. स्पेनमध्ये आजारी माणूस उठला की 'या एस्ता ब्वेनो', बरा झाला आता. 'पोनेर्से ब्वेनो' म्हणजे बरं होणं. तापाची चर्चा चालू असेल तर कोणी हसत नाही. संदर्भ नसेल तर हसतात.

११. 'ब्येन' आणि 'ब्वेनो' यांत फरक काय?

'ब्वेनो' नामाबद्दल बोलतो, 'ब्येन' क्रियेबद्दल. मराठीत 'चांगलं' दोन्ही कामं करतं: 'चांगलं गाणं' आणि 'चांगलं गाते'. म्हणून 'ती चांगलं गाते'चं 'कान्ता ब्वेनो' होतं, जे चूक आहे. 'कान्ता ब्येन' हवं. तपासायची युक्ती: त्या जागी मराठीत 'नीट' किंवा 'छान प्रकारे' बसलं तर 'ब्येन'. 'एस्ता ब्येन' म्हणजे 'ठीक आहे', होकारार्थी. त्याची 'एस्ता ब्वेनो'शी गल्लत नको (प्रश्न ९).

१२. 'जास्त चांगला' म्हणजे 'मास ब्वेनो' ना?

सहसा नाही. 'मेखोर' म्हणा: 'एस्ते लीब्रो एस मेखोर के एसे', हे पुस्तक त्यापेक्षा चांगलं. 'मेखोर'ला लिंग नाही, अनेकवचन 'मेखोरेस'. 'मास मेखोर' कधीच नाही, ते आपल्या 'सर्वात सर्वोत्तम'सारखं आहे.

पण भलेपणाची तुलना असेल तर 'मास ब्वेनो' चालतं, आणि त्याचं सर्वांत गोड उदाहरण म्हणजे 'मास ब्वेनो के एल पान', पावापेक्षाही भला. ज्यांच्या ताटात रोज पाव, त्यांना भलेपणाचं माप पावच सुचणार. आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला. त्यांचा शब्द आणि हा 'पान' एकाच लॅटिन घरातले.

'अतिशय चांगला' म्हणजे 'ब्वेनीसिमो'. 'बोनीसिमो'ही बरोबर, पण आता पुस्तकी. तिथे 'ब्वे'चा 'बो' का झाला? लॅटिनमधला 'ओ' आघाताखाली 'वे' झाला, आघात सरकला की 'ओ'च राहिला. म्हणून 'ब्वेनो' पण 'बोन्दाद' (भलेपणा), 'प्वेर्ता' (दार) पण 'पोर्तेरो' (द्वारपाल). हे एकदा दिसलं की स्पॅनिशमध्ये जागोजागी दिसतं.

१३. लोक प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'ब्वेनो' का म्हणतात? कशाला चांगलं म्हणतायत?

कशालाच नाही. हे आपलं 'बरं'. 'ब्वेनो, नोस बामोस': बरं, निघतो आम्ही. विषय बदलायला, विचाराला वेळ मिळवायला, अर्धवट होकार द्यायला ('ब्वेनो...' लांबवून, म्हणजे 'बघू'), भांडण आवरायला ('ब्वेनो, ब्वेनो!' म्हणजे बरं बरं, पुरे). त्याचं रूप बदलत नाही, बोलणारी बाई असली तरी 'ब्वेना' होत नाही. मराठी माणसाने जिथे तोंडातून 'बरं' निघेल तिथे 'ब्वेनो' टाकावं, दहापैकी आठ वेळा बरोबर बसतं. स्पॅनिश निरोप लांबण्यात आपल्या दारातल्या गप्पांना हार जात नाहीत. तीनदा 'ब्वेनो' झाल्याशिवाय कोणी उठत नाही.

मेक्सिकोत फोन उचलल्यावर 'ब्वेनो?' म्हणतात, आपल्या 'हॅलो'च्या जागी. स्पेनमध्ये त्याजागी 'दीगामे' म्हणजे 'सांगा'.

१४. 'लो ब्वेनो' हे 'लो' काय आहे?

'चांगलं ते', 'चांगली गोष्ट ही की'. मराठी नपुंसकलिंगी 'चांगलं'ची उणीव स्पॅनिश इथे भरून काढते. 'लो ब्वेनो एस के नो युएबे': बरं इतकंच की पाऊस नाही. या अर्थाने 'लो'बरोबर नेहमी 'ब्वेनो', बाकी रूपं नाहीत.

१५. पुरुषाबद्दल 'ब्वेना पेर्सोना' कसं काय?

कारण विशेषण 'पेर्सोना' (व्यक्ती) या शब्दाशी जुळतं, माणसाशी नाही. आपणही 'तो चांगली व्यक्ती आहे' म्हणतोच. 'खेन्ते' (लोक) जास्त फसवतं: मराठीत लोक अनेकवचनी पुल्लिंगी, तिथे एकवचनी स्त्रीलिंगी. 'ला खेन्ते एस ब्वेना', लोक चांगले आहेत. लॅटिन अमेरिकेत एकाच माणसालाही 'एस ब्वेना खेन्ते' म्हणतात.

१६. 'उन ब्वेन सूस्तो' म्हणजे 'चांगली भीती'? भीती चांगली कशी?

'चांगलाच घाबरलो'मधली जशी. प्रमाण सांगताना 'ब्वेनो' नामाआधी येतो आणि 'भरपूर' होतो: 'उन ब्वेन रातो' बराच वेळ, 'उना ब्वेना कान्तिदाद' बरीचशी रक्कम किंवा बरंच प्रमाण, 'उना ब्वेना पालीसा' चांगलाच चोप. इथे शब्दकोश उघडूच नका, मराठी कानाने ऐका.

'उन ब्वेन दीआ' मात्र गोष्टीत आलं तर 'एके दिवशी'.

१७. 'पोर लास ब्वेनास' वगैरे वाक्प्रचार एका जागी द्याल का?

जे रोज भेटतात तेवढे देते. 'पोर लास ब्वेनास' म्हणजे बऱ्या बोलाने. 'ओ पोर लास मालास' जोडलं की धमकी पूर्ण. 'आ ला ब्वेना दे दिओस': रामभरोसे. 'दे ब्वेनास आ प्रीमेरास': अचानक, ध्यानीमनी नसताना. 'एस्तार दे ब्वेनास': स्वारी खुशीत असणं. 'दे ब्वेना गाना': मनापासून, राजीखुशीने. 'ब्वेना ला आस एचो!' ऐकून आनंदू नका, त्याचा अर्थ 'काय दिवे लावलेस!'

दुकानाच्या पाटीवर 'ब्वेनो, बोनीतो इ बारातो' दिसलं तर ते आपलं 'स्वस्त आणि मस्त'. त्यातला 'बोनीतो' (सुंदर) मुळात 'ब्वेनो'चंच लाडकं, लहान केलेलं रूप. प्रश्न १२ मधल्या 'बो'मुळे नातं लपलं.

१८. 'एस ब्वेनो के' नंतर क्रियापद बदलतं का?

बदलतं. 'एस ब्वेनो एस्तुदियार', अभ्यास करणं चांगलं. कर्ता सांगितलेला नाही, मूळ रूप. 'एस ब्वेनो के एस्तूदियेस', तू अभ्यास करणं चांगलं. कर्ता आला, 'के' आला, की संशयार्थी (सब्जंक्टिव्ह) रूप.

१९. चॉकलेटवरचा 'ब्वेनो' हाच का?

हाच. किंडर ब्वेनो बनवणारी कंपनी इटलीची, 'किंडर' जर्मन (मुलं), 'ब्वेनो' स्पॅनिश. इटालियनमध्ये तो 'ब्वोनो' झाला असता. गोव्यातल्या वाचकांनी आजी-आजोबांकडून पोर्तुगीज 'बों दिया' ऐकलं असेल. तो 'बों'ही याच कुळातला, फक्त तिथे अभिवादन एकवचनात.

२०. 'नोचेब्वेना' म्हणजे शुभ रात्री का?

नाही. एकवचन, विशेषण मागे, दोन्ही शब्द जोडून लिहिलेले: ही नाताळची आदली रात्र, २४ डिसेंबर. मेक्सिकोत हेच नाव लाल पानांच्या पॉइन्सेटिया झाडालाही आहे. आणि 'येर्बाब्वेना', 'चांगली वनस्पती', म्हणजे आपला पुदिना.